प्रोस्टेट काढायची आहे: रोबोट, दुर्बीण की ओपन? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी पूर्ण ग्रंथी काढायचा सल्ला ज्यांना मिळाला आहे, त्यांच्यासाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी ही उत्तरं आहेत. यूरॉलॉजीच्या ओपीडीत रोज येणारे प्रश्न घेतले आहेत. शिवाय विचारायला हवेत पण सहसा कुणी विचारत नाही, असेही काही आहेत. तुमचे रिपोर्ट ज्यांनी स्वतः पाहिले आहेत त्या डॉक्टरांचं म्हणणं यापेक्षा वेगळं असेल, तर त्यांना कारण विचारा. कारण सांगणं हे आमचं कामच आहे.

शेजारच्या काकांचंही प्रोस्टेटचं दुर्बिणीने ऑपरेशन झालं. ते तिसऱ्या दिवशी घरी आले, काही त्रास नाही. आमचंही तेच ना?

बहुधा नाही. शेजारच्या काकांचं झालं ते टीयूआरपी किंवा लेसर. वयामुळे प्रोस्टेट वाढून लघवी अडते, तेव्हा लघवीच्या मार्गातून दुर्बीण घालून आतला वाढलेला भाग काढतात. बाहेरचं आवरण जागेवरच राहतं. पोटावर एकही टाका पडत नाही.

कॅन्सरसाठीच्या ऑपरेशनला रॅडिकल प्रोस्टेटेक्टॉमी म्हणतात. त्यात अख्खी ग्रंथी, तिच्यामागच्या वीर्याच्या पिशव्या आणि गरजेप्रमाणे आजूबाजूच्या लसिका गाठी निघतात. प्रोस्टेट मूत्राशयाच्या खाली लघवीच्या नळीला वेढून बसलेली असते. ती काढली की मधला नळीचा तुकडाही जातो आणि मूत्राशयाचं तोंड खाली उरलेल्या नळीला शिवून जोडावं लागतं. पुढे लघवी गळणार की नाही, कॅथेटर किती दिवस ठेवायचा, हे बरंचसं या जोडावर आणि त्याच्या खालच्या स्नायूवर ठरतं. त्यामुळे दोन ऑपरेशनांची तुलना करू नका. शेजाऱ्यांच्या अनुभवावरून धीरही धरू नका आणि घाबरूही नका.

ऑपरेशन करावंच लागेल का?

हा प्रश्न सगळ्यात आधी यायला हवा. पण बरेच जण थेट ‘रोबोटने करू का’ इथूनच सुरुवात करतात.

बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये ग्लीसन स्कोअर किंवा ग्रेड ग्रुप लिहिलेला असतो. आजार किती आक्रमक आहे हे त्यावरून कळतं. ग्रेड ग्रुप १ ते ५, त्यात १ सगळ्यात सौम्य. ग्रेड ग्रुप १ असेल, पीएसए (प्रोस्टेटची रक्ततपासणी) फार वाढलेलं नसेल आणि एमआरआयमध्ये काळजीचं काही नसेल, तर बहुतेकांना लगेच काहीच करावं लागत नाही. ठरावीक काळाने पीएसए, एमआरआय आणि पुन्हा बायोप्सी करून लक्ष ठेवायचं. याला अ‍ॅक्टिव्ह सर्व्हेलन्स म्हणतात. ‘कॅन्सर अंगात ठेवून झोप कशी लागेल’ असं घरचे म्हणतात, ते समजतं. पण ब्रिटनमधल्या प्रोटेक्ट अभ्यासात १,६४३ पुरुषांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं तीन गटांत वाटलं होतं: लक्ष ठेवणं, ऑपरेशन, रेडिएशन. २०२३ मध्ये १५ वर्षांचे निकाल आले. प्रोस्टेट कॅन्सरने मृत्यू झालेले तिन्ही गटांत ३ टक्क्यांच्या आसपासच होते. लक्ष ठेवलेल्या गटात आजार पसरण्याचं प्रमाण जास्त होतं आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी पुढे उपचार घेतले, हेही खरं. तरी घाईने निर्णय घ्यायची गरज नाही, एवढं या अभ्यासावरून नक्की सांगता येतं. हे रुग्ण मुख्यतः कमी आणि मध्यम जोखमीचे होते, ते मात्र विसरू नका.

आजार मध्यम किंवा जास्त जोखमीचा असेल आणि ग्रंथीच्या आसपासच असेल, तर ऑपरेशन आणि रेडिएशन हे दोन्ही खरे पर्याय आहेत. म्हणून ऑपरेशनची तारीख घेण्याआधी एकदा रेडिएशनच्या डॉक्टरांनाही भेटा. आपल्याकडे हे फार कमी जण करतात. सर्जन ऑपरेशनच सांगणार, त्यात गैर काही नाही. पण दुसरी बाजू त्या बाजूच्या माणसाकडून ऐकलेली बरी.

आजार हाडांपर्यंत गेला असेल, तर सहसा ग्रंथी काढून उपयोग होत नाही. तिथे हार्मोनचे उपचार आधी.

तीन पद्धती म्हणजे नेमक्या कोणत्या?

ओपनमध्ये बेंबीखाली एक उभा चिरा देऊन सर्जन हाताने ऑपरेशन करतात. लॅपरोस्कोपीत, म्हणजे पोटातून घातलेल्या दुर्बिणीच्या पद्धतीत, पोटावर पाच-सहा छोटी भोकं पाडून, पोट कार्बन डायऑक्साइडने फुगवून, लांब सरळ अवजारांनी करतात. रोबोटिकमध्येही तशीच भोकं आणि तोच गॅस असतो. फक्त अवजारं रोबोटच्या हातांना लावलेली असतात आणि सर्जन थोड्या अंतरावर कन्सोलवर बसून ती चालवतात.

आत काढायचं तेच असतं, शिवायचं तेच असतं.

या ऑपरेशनचा इतिहास मोठा आहे. १९०४ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये ह्यू हॅम्पटन यंग यांनी ही शस्त्रक्रिया केली, तीही वृषण आणि गुदद्वार यांच्यामधल्या भागातून. त्यानंतर कितीतरी वर्षं पुरुषांचे प्राण वाचत, पण लैंगिक क्षमता जवळपास जातच असे. ताठरतेच्या नसा नेमक्या कुठून जातात हे पॅट्रिक वॉल्श आणि पीटर डोंकर यांनी शोधलं आणि १९८२ मध्ये वॉल्श यांनी त्या नसा वाचवून ऑपरेशन केलं. माझ्या मते या क्षेत्रातलं सगळ्यात मोठं पाऊल ते होतं, आणि ते ओपन ऑपरेशनमध्ये पडलं. १९९०च्या दशकाच्या शेवटी पॅरिसच्या गियोनो आणि व्हालांसियँ यांनी लॅपरोस्कोपीची पद्धत बसवली. २००० नंतर डेट्रॉइटच्या हेन्री फोर्ड रुग्णालयात मूळ भारतीय असलेल्या डॉ. मणी मेनन यांनी रोबोटची पद्धत रुळवली, आणि आज रोबोटवर प्रोस्टेट काढणारे सर्जन थोड्याफार फरकाने त्याच वाटेने जातात.

रोबोट आपोआप ऑपरेशन करतो का?

नाही. सर्जनचा हात हलला तरच रोबोटचा हात हलतो.

रोबोटने कॅन्सर जास्त चांगला निघतो का?

ज्याच्यासाठी लोक जास्तीचे पैसे मोजतात, तो हा प्रश्न. त्यामुळे स्पष्टच लिहितो: तसा ठोस पुरावा नाही.

ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला ओपन आणि रोबोटिक यांची समोरासमोर तुलना झाली. पहिले निकाल २०१६ मध्ये आणि दोन वर्षांनंतरचे २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. लघवीवरचा ताबा आणि लैंगिक क्षमता यांत दोन्ही गट १२ आठवड्यांनी सारखेच होते आणि दोन वर्षांनीही. रोबोटच्या गटात रक्त कमी गेलं आणि रुग्णालयातला मुक्काम कमी झाला. जर्मनीत लॅपरोस्कोपी आणि रोबोट यांची तुलना झाली, तिथे तीन महिन्यांनी लघवीवर ताबा आलेले रोबोटच्या गटात ५४ टक्के आणि लॅपरोस्कोपीच्या गटात ४६ टक्के निघाले. फरक आहे, पण जाहिरातीत दिसतो तेवढा नाही.

मग सगळे सर्जन रोबोटकडे का वळले? कारण काम करणाऱ्याला तो खरोखर सोयीचा आहे. मूत्राशय आणि नळी यांचा जोड पाहा. जागा जांघेच्या हाडामागे, खोल आणि अरुंद. नळीचं टोक खाली आत ओढलं गेलेलं असतं. दोन धागे एकमेकांना बांधून, खालच्या मध्यापासून सुरुवात करून, एक डावीकडून आणि एक उजवीकडून गोल वर आणायचा. प्रत्येक टाक्यात नळीची आतली नाजूक त्वचा आली पाहिजे आणि खालचा स्नायू ओढला जाता कामा नये. मग मूत्राशयात सलाइन भरून कुठून गळतं का ते पाहायचं. सरळ, कडक अवजारांनी हे करायला वर्षानुवर्षं सराव लागतो. रोबोटच्या अवजाराला मनगटासारखी वळण्याची सोय असते आणि चित्र मोठं करून, खोलीसकट दिसतं. मला स्वतःला हा फायदा मोलाचा वाटतो. पण तो फायदा वापरणारा हात कुणाचा आहे, यावर पुढचं सगळं आहे.

मग सर्जन कसा निवडायचा?

इथे सगळ्यात जास्त वेळ घाला. रोबोट कोणत्या मॉडेलचा, याच्यावर नको.

अमेरिकेत ७२ सर्जनांनी केलेल्या ७,७६५ ओपन ऑपरेशनांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या सर्जनच्या हातून आधी दहा ऑपरेशनं झाली होती, त्याच्या रुग्णांत पाच वर्षांत आजार उलटण्याचं प्रमाण १७.९ टक्के होतं. आधी २५० झालेल्या सर्जनकडे तेच १०.७ टक्के. रुग्ण तसेच, ऑपरेशन तेच, हात बदलला. दोन पद्धतींची तुलना करणाऱ्या अभ्यासांत इतका फरक क्वचितच दिसतो. अनुभवी हातांचं ओपन आणि नवख्या हातांचं रोबोटिक यांतून निवडायचं झालं, तर मी माझ्या वडिलांसाठी ओपन निवडेन.

सर्जनला विचारायचं ते असं. तुम्ही स्वतः अशी किती केलीत, आणि वर्षाला किती करता? रोबोटवर एकूण किती असं नव्हे. गर्भाशय, पित्ताशय, किडनी यांची बेरीज करून आकडा मोठा होतो. कॅन्सर ग्रंथीच्या आतच असलेल्या तुमच्या रुग्णांत, काढलेल्या ग्रंथीच्या कापलेल्या कडेला कॅन्सर सापडण्याचं प्रमाण किती? वर्षानंतर एकही पॅड न लावणारे किती? कन्सोलवर पूर्ण वेळ तुम्हीच बसणार का? बाहेरून येणारे सर्जन असतील तर ते गेल्यावर रात्री दोनला रक्तस्राव झाला तर कोण येणार?

हे विचारताना आपल्याला संकोच वाटतो. ‘डॉक्टरांना काय वाटेल’ म्हणून मुलगा गप्प बसतो, आणि बाबा तर बोलतच नाहीत. विचारा. जो सर्जन स्वतःच्या कामाची नोंद ठेवतो त्याला हे प्रश्न आवडतात. ‘त्याची काळजी तुम्ही करू नका’ एवढंच उत्तर आलं, तर दुसरं मत घ्या.

साधी लॅपरोस्कोपी स्वस्त पडते. ती करू का?

ज्या सर्जनने आयुष्यभर तीच केली आहे त्यांच्याकडे, जरूर. असे लोक आपल्याकडे आहेत आणि त्यांचं काम देखणं आहे. पण शिकायला ही तिन्हींत अवघड, आणि रोबोट आल्यापासून नवे सर्जन ती कमी शिकतात. पैसे हेच कारण असेल, तर अनुभवी सर्जनचं ओपनही तितकंच विचारात घ्या.

कुणासाठी रोबोट किंवा लॅपरोस्कोपी जपून?

दोन्हींत पोटात गॅस भरतात आणि टेबल डोक्याकडे २५ ते ३० अंश खाली झुकवतात. काही तास माणूस असा असतो. फुप्फुसं वर दाबली जातात, डोळ्यांतला दाब वाढतो. म्हणून दम्याचा किंवा सीओपीडीचा जास्त त्रास, कमजोर हृदय, काचबिंदू, पूर्वी झालेला पक्षाघात यांपैकी काही असेल तर भूलतज्ज्ञांना आधीच सांगा. काचबिंदूचे थेंब अनेक जण ‘ते काय औषध आहे का’ म्हणून सांगतच नाहीत.

पूर्वीची ऑपरेशनंही सांगा. पोटाची मोठी शस्त्रक्रिया, आधी झालेली टीयूआरपी, आणि हर्नियाची दुर्बिणीतून बसवलेली जाळी. जाळीमुळे नेमक्या त्याच जागेत सगळं चिकटलेलं असतं. यातलं काहीही असलं म्हणून दार बंद होत नाही, पण सर्जनला तयारीने जावं लागतं. अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेलसारख्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका. विशेषतः स्टेंट असेल तर हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय तर नाहीच.

बायोप्सी झाली, आता सहा आठवडे थांबा म्हणतात. तोवर पसरणार नाही का?

बायोप्सीच्या सुयांमुळे आत सूज येते, रक्त साकळतं आणि थर नीट सुटत नाहीत. म्हणून बहुतेक सर्जन काही आठवडे थांबतात. प्रोस्टेटचा कॅन्सर साधारण सावकाश वाढतो. तेवढ्याने नुकसान होत नाही. या दिवसांत चालायला लागा, शुगर ताब्यात आणा, तंबाखू आणि विडी सोडा, आणि ओटीपोटाच्या स्नायूंचा व्यायाम शिकून घ्या.

लघवी गळेल का? आणि किती दिवस?

कॅथेटर साधारण ७ ते १० दिवस असतो, काहींना थोडा जास्त. तो निघाल्यावर सुरुवातीला बहुतेकांना थोडी तरी गळते. खोकताना, शिंकताना, खुर्चीतून उठताना. पॅड लावावं लागतं. बऱ्याच जणांची गळती तीन महिन्यांत खूप कमी होते आणि सुधारणा वर्षभर चालू राहते. वर सांगितलेल्या प्रोटेक्ट अभ्यासात ऑपरेशनच्या गटातले ४६ टक्के सहा महिन्यांनी पॅड वापरत होते, आणि सहा वर्षांनी १७ टक्के. ती बहुतेक ओपन ऑपरेशनं होती. ‘एक थेंबही गळणार नाही’ असं कुणी छातीठोक सांगत असेल तर सावध व्हा.

व्यायाम सोपा आहे: लघवी मध्येच थांबवताना किंवा वारा रोखताना जो स्नायू आवळतो, तो आवळायचा, काही सेकंद धरायचा, पूर्ण सैल सोडायचा. पोट आणि मांड्या न आवळता. दिवसातून तीन-चार वेळा. प्रत्यक्ष लघवी करताना रोज थांबवून पाहायची गरज नाही. कॅथेटर असताना हा व्यायाम करू नका. वर्षानंतरही जास्त गळत राहिली, तर स्लिंग (नळीला आधार देणारी पट्टी) किंवा कृत्रिम स्फिंक्टर (लघवी रोखणारी झडप) बसवता येतो. ‘आता असंच राहायचं’ म्हणून घरात बसून राहू नका.

शरीरसंबंधांचं काय?

हा प्रश्न तपासणी संपल्यावर, चप्पल घालून दारापर्यंत गेलेले काका परत वळून विचारतात. पत्नी बाहेर बसलेली असते. खरं तर दोघांनी मिळून, ऑपरेशनच्या आधी विचारायचा हा प्रश्न आहे.

ताठरतेच्या नसा प्रोस्टेटच्या दोन्ही अंगांना अगदी चिकटून जातात. त्या वाचवता येतील का, हे गाठ कुठल्या बाजूला आणि कडेपासून किती लांब आहे यावर ठरतं. रोबोट आहे म्हणून गाठीला चिकटलेली नस वाचवायची नसते. तिथे कॅन्सर मागे राहील. काही वेळा एका बाजूची वाचवतात, दुसरी सोडतात. नसा वाचल्या तरी त्या काही काळ सुन्न असतात. सुधारणा व्हायला दीड-दोन वर्षंही लागतात. वय, मधुमेह आणि ऑपरेशनच्या आधी क्षमता कशी होती, यावर बरंच अवलंबून असतं.

सिल्डेनाफिल, टॅडालाफिलसारख्या गोळ्यांचा उपयोग होतो, पण डॉक्टरांना विचारूनच. छातीत दुखल्यावर जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवणाऱ्यांनी त्या मुळीच घेऊ नयेत. बीपी जिवावर बेतेल इतकं खाली जातं. वीर्य बाहेर येणं कायमचं थांबतं, पण सुखाची जाणीव राहू शकते. मूल हवं असेल तर वीर्य आधी गोठवून ठेवा.

रोबोट इतका महाग का? विमा मिळतो का?

मशीन महाग, त्याची देखभाल महाग, आणि हातांना लावायची अवजारं ठरावीक ऑपरेशनांनंतर टाकून द्यावी लागतात. आता भारतात बनलेला एसएसआय मंत्र आणि इतर कंपन्यांचे रोबोटही आले आहेत. दा विंची नावाचाच रोबोट हवा असा हट्ट धरू नका. त्या सर्जनचा हात कोणत्या मशीनवर बसला आहे ते पाहा.

आरोग्य विम्यात रोबोटिक शस्त्रक्रिया थेट नाकारता येत नाही. विमा नियामक आयआरडीएआयने २०१९ मध्ये आधुनिक उपचारांची जी यादी दिली, तिच्यात ती आहे. पण कंपनीला त्यावर वेगळी मर्यादा घालायची मुभा आहे. पॉलिसी दहा लाखांची, पण आधुनिक उपचारांची मर्यादा त्याच्या निम्मी किंवा त्याहून कमी, असं बिलाच्या दिवशी कळतं तेव्हा घरच्यांची धावपळ होते. पॉलिसीतलं ते पान आधी वाचा आणि पूर्वमंजुरीच्या पत्रात ‘रोबोटिक’ हा शब्द आहे का ते पाहा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत जाणार असाल तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला नेमकं विचारा: पॅकेज कोणत्या पद्धतीसाठी, आणि वरचे पैसे भरावे लागतील का.

एक कळकळीने सांगतो. शेत किंवा दागिने गहाण टाकून रोबोट करावा, इतका त्याचा फायदा नाही. सरकारी किंवा ट्रस्टच्या रुग्णालयात अनुभवी सर्जनने केलेलं ओपन ऑपरेशन हे दुय्यम उपचार नाहीत.

कामावर कधी जाता येईल? आणि वारीला?

रोबोटिक किंवा लॅपरोस्कोपीनंतर बहुतेक जण दोन-तीन दिवसांत घरी जातात, ओपननंतर थोडे उशिरा. चालणं दुसऱ्या दिवसापासूनच. पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून ते औषधाइतकंच महत्त्वाचं. बसून करायचं काम तीन-चार आठवड्यांनी जमतं. पाण्याची कळशी, खताचं पोतं, गॅस सिलिंडर हे सहा आठवडे उचलायचं नाही. पोटावरची भोकं लहान दिसतात म्हणून लोक लवकर उचलतात, पण आतलं काम ओपनइतकंच मोठं झालेलं असतं. सायकल आणि मोटारसायकलही तोवर नको. संडासला कुंथू नका, शौच मऊ होण्याचं औषध मागून घ्या.

वारीला जाता येतं. गळती आटोक्यात आलेली असावी, आणि पहिल्या वर्षी पूर्ण वाटेऐवजी दोन-चार मुक्काम चालावेत.

ऑपरेशन झालं, म्हणजे कॅन्सर गेला ना?

त्यासाठी दोन कागद पाहायचे. पहिला पॅथॉलॉजीचा रिपोर्ट: ग्रेड, कडेला कॅन्सर आहे का, लसिका गाठींत गेला आहे का. दुसरा सहा ते आठ आठवड्यांनंतरचा पीएसए. ग्रंथीच नाही म्हटल्यावर तो जवळजवळ शून्य, ०.१ च्या खाली असायला हवा. पुढे दोनदा ०.२ किंवा त्याहून जास्त आला तर आजार उलटला असं धरतात. तेव्हाही रेडिएशनने बरं होण्याची संधी असते, आणि ती पीएसए कमी असतानाच चांगली असते. म्हणून ‘काही त्रास नाही’ म्हणून तपासणी चुकवू नका.

घरी गेल्यावर लगेच फोन कधी करायचा?

ताप किंवा थंडी वाजणं, एका पोटरीला सूज किंवा दुखणं, अचानक दम लागणं, पोट फुगून उलट्या, लघवीत रक्ताच्या गुठळ्या, किंवा पिशवीत लघवी येणंच थांबणं. लघवी थोडी गुलाबी दिसली तर पाणी जास्त प्या, घाबरू नका.

आणि कॅथेटर चुकून निसटला किंवा ओढला गेला, तर जवळच्या दवाखान्यात नवा घालून घेऊ नका. आतला जोड ताजा असतो. आंधळेपणाने घातलेली नळी तो फाडू शकते. कितीही लांब असलात तरी आधी ऑपरेशन करणाऱ्या सर्जनला फोन लावा, मध्यरात्र असली तरी. हा नंबर डिस्चार्जच्या दिवशीच घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये भरून घ्या.